डॉक्युमेंटेशन वाचायचं म्हणजे नेमकं कुठून सुरू करायचं?

अठरा_रुपये (सांगली)

नमस्कार मंडळी,

वर्षभर वाचनमात्र होतो, आज खातं काढलं. नाव असं का ते खाली कळेल.

विश्रामबागेत चार माणसांचं ऑफिस आहे, तिथे कामाला लागून आठ महिने झाले. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना हळदीच्या सौद्याचं सॉफ्टवेअर करून देतो. पोती किती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, अशी पट्टी त्यातून छापून निघते. सगळं जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) ४.२ वर आहे. पायथॉन मला बऱ्यापैकी जमतं.

परवा एका दुकानातून निरोप आला की आजची हमाली पोत्याला ११ नाही, १२ धरायची, दिवसभराच्या पट्ट्या दुरुस्त करा. मी शेल (कमांड टाकायची खिडकी) उघडून एक ओळ मारली. त्या दिवसाच्या पट्ट्या फिल्टर केल्या आणि अपडेट() मध्ये हमाली म्हणजे पोती गुणिले १२ असं देऊन टाकलं. चुटकीसरशी झालं, मी खूश. संध्याकाळी दुकानाच्या दिवाणजींचा फोन. सत्तरीचे असतील, कंप्युटरला हात लावत नाहीत. म्हणाले, "पोरा, अठरा पोत्याची पट्टी हाय न्हवं? हमाली एकशे अठ्ठ्याण्णवची दोनशे सोळा केलीस. मग खालचा आकडा जाग्यावर कसा? अठरा रुपयं गेलं कुठं?"

निव्वळ रक्कम काढायचा हिशोब मी मॉडेलच्या (डेटाबेसच्या तक्त्याचं कोडमधलं रूप) सेव्ह() मध्ये लिहिला होता आणि अपडेट() ने सेव्ह() ला विचारलंच नाही. रात्री सरांना दाखवलं. त्यांनी जँगोच्या डॉक्युमेंटेशनमधलं क्वेरीसेटचं (डेटाबेसमधल्या नोंदी मागवायची सोय) पान उघडलं, सरसर खाली गेले आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. अपडेट() थेट एसक्यूएलच्या पातळीवर बदल करतं, मॉडेलच्या सेव्ह() ला बोलावत नाही, प्री_सेव्ह-पोस्ट_सेव्ह हे सिग्नलही (सेव्हच्या आधी-नंतरचे इशारे) सोडत नाही. स्वच्छ लिहिलंय. "डॉक्युमेंटेशन वाचत जा रे," एवढं म्हणून सर गाडीला किक मारून गेले.

आता खरा प्रश्न. ते पान मी आधी तीनदा तरी उघडलेलं होतं! उघडतो, खाली जातो, कोडचा तुकडा दिसला की उचलतो, बंद करतो. पहिल्यापासून वाचायला घेतलं तर दहा मिनिटांत जांभया. पान आहे की आयर्विन पूल, चालतोय चालतोय, संपतच नाही. तुम्ही लोक हे वाचता तरी कसं? काय वाचता, काय सोडता?

(यूट्यूबच्या लिंका नकोत. त्या माझ्याकडे ढिगाने आहेत.)

---

भडंगप्रेमी

"अठरा रुपयं गेलं कुठं" हे आमच्या ऑफिसात भिंतीवर लिहून लावणार. दिवाणजींना आमच्याकडे टेस्टिंगला पाठवा.

वाचतोय.

---

बेदाणा (तासगाव)

दिवाणजींना दंडवत.

अरे, त्याच दुकानात कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) असते आणि खतावणी (खातेवार हिशोबाची वही) असते. दिवाणजी दोन्ही सारख्याच पद्धतीने वाचतात का? कीर्द ओळीने. खतावणीत आधी खातं शोधायचं, तेवढं पान बघायचं, मिटायची. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अशा चार जातीच्या वह्या आहेत आणि कुठली हातात आहे ते वेबच्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. 'इंट्रो' असेल तर ट्युटोरियल, हात धरून शिकवणारं. 'टॉपिक्स' म्हणजे विषय समजावणारं. 'हाऊटू' म्हणजे अमुक काम कसं करायचं. 'रेफ' म्हणजे रेफरन्स, ही खतावणी. तू खतावणी पहिल्या पानापासून वाचायला बसलास, जांभया येणारच.

क्वेरीसेटचं 'रेफ'मधलं पान लांबलचक आहे खरं, पण त्याचे मुख्य दोन भाग लक्षात ठेव. पहिल्या भागात नवीन क्वेरीसेट परत देणाऱ्या मेथड्स: फिल्टर, एक्सक्लूड, ऑर्डर_बाय वगैरे. दुसऱ्यात क्वेरीसेट परत न देणाऱ्या: गेट, क्रिएट, काउंट, अपडेट, डिलीट. नुसतं मेथड कुठल्या भागात आहे एवढं बघितलं तरी कळतं की तिच्यापुढे टिंब देऊन अजून फिल्टर जोडता येईल का. पहिल्या भागातल्या बहुतेक मेथड्स नुसत्या लिहून डेटाबेसकडे काही जात नाही. प्रत्यक्ष यादी मागितलीस की मग जातं.

'टॉपिक्स'मधलं 'मेकिंग क्वेरीज' हे पान मात्र एकदा चहा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. एकदाच. तुझे अठरा रुपये तिथेही सापडतील. एकदम अनेक नोंदी बदलण्याचा भाग आहे, त्यात हीच सूचना आहे आणि सेव्ह() हवं असेल तर एकेक नोंद घेऊन फिरवा असं उदाहरणासकट दिलंय. ऑटो_नाऊ लावलेली, म्हणजे सेव्ह करताना आपोआप बदलणारी तारीखसुद्धा अपडेट() ने बदलत नाही, तेही त्याच परिच्छेदात. तुमच्या पट्टीत 'शेवटचा बदल कधी' असा रकाना असेल तर तोही तपास. तिथेही जुनीच तारीख बसली असणार.

मेथडवर पोचलास की मी काय बघतो ते सांगतो. उदाहरण बघत नाही, ते शेवटी. आधी सहीची ओळ, म्हणजे मेथडचं नाव आणि कंसातले पॅरामीटर. गेट_ऑर_क्रिएट() ची बघ: डिफॉल्ट्स इक्वल टू नन, मग दोन चांदण्या आणि केडब्ल्यूआर्ग्ज. 'इक्वल टू' लावून किंमत दिली असेल तर तो पॅरामीटर नाही दिला तरी चालतं. दोन चांदण्या म्हणजे नाव-किंमत अशा हव्या तेवढ्या जोड्या. कंसात एकटीच चांदणी दिसली (इन_बल्क() मध्ये आहे) तर तिच्यानंतरचं सगळं नाव घेऊनच द्यावं लागतं. मग शोधायचं की परत काय येतं. गेट_ऑर_क्रिएट() जोडी देतं, एक वस्तू आणि ती नवीन बनली का याचं खरं-खोटं. नवखी पोरं ती जोडीच वस्तू समजून पुढे वापरतात आणि मग तासभर एररकडे बघत बसतात. अपडेट() किती ओळी जुळल्या त्याचा आकडा देतं. जुळल्या म्हणतोय मी, बदलल्या नव्हे! हा फरकही तिथे लिहिलाय. आणि शेवटी कुठली एक्सेप्शन (चालता चालता येणारी एरर) उडते ते.

रच्याकने, निव्वळ रक्कम सेव्ह() मध्ये ठेवूच नकोस. जनरेटेडफील्ड वापर. हिशोब डेटाबेसच करतो, मग अपडेट() मारा नाहीतर काहीही मारा, आकडा जुळलेलाच राहतो.

---

अठरा_रुपये

बेदाणा, कीर्द-खतावणी एकदम डोक्यात बसलं. धन्स.

जनरेटेडफील्ड लगेच करून बघितलं. मॉडेल्समध्ये असं काही नाहीच म्हणतोय. स्पेलिंग तीनदा तपासलं.

---

सतारीची_तार (मूळ मिरज, सध्या पुणे)

बेदाणा, तुम्ही कुठल्या आवृत्तीचं पान बघून लिहिलंत? तो बिचारा ४.२ वर आहे. पहिल्या पोस्टमध्येच सांगितलंय त्याने.

---

बेदाणा

चुकलो. नाक खाली.

माझ्याकडे ५.२ चं पान उघडं होतं. जनरेटेडफील्ड ५.० मध्ये आलं, डिसेंबर २०२३. ४.२ एप्रिल २०२३ चं आहे, त्यात ते सापडणार कसं. आणि बघा, मीही फसलो ते का. एखादी गोष्ट नवीन आली की तिच्याखाली 'अमुक आवृत्तीत नवीन' अशी पाटी असते. पण आवृत्त्या पुढे सरकल्या की जुन्या पाट्या काढून टाकतात, नाहीतर पानभर पाट्याच होतील. त्यामुळे ५.२ च्या पानावर ती गोष्ट जन्मापासून तिथेच आहे असं वाटतं.

पोरा, पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आवृत्ती बदलायचं बटण आहे, ते ४.२ वर लाव आणि मगच वाच. पत्त्यात 'इएन' नंतर जो आकडा असतो तीच आवृत्ती. तिथे 'स्टेबल' लिहिलं की ताजी आवृत्ती येते आणि 'डेव्ह' असेल तर ती अजून बाहेर न आलेली. पत्त्यातला आकडा हाताने बदलला तरी चालतो. पान सापडलं नाही तर त्या काळी ते नव्हतंच.

गूगलवरून आत शिरलास तर दहा वर्षांपूर्वीच्या पानावरही उतरशील. वर एक पट्टी असते, ही आवृत्ती असुरक्षित आहे, तिला आता कुणी वाली नाही, अशा अर्थाची. आपण सगळे ती जाहिरात समजून दुर्लक्ष करतो.

---

जुना_खांब

उतारवयातही चूक मान्य करणारे लोक संस्थळावर आहेत हे बघून भरून आलं.

---

बेदाणा

उतारवय कुणाचं रे? ४१ आहे फक्त.

---

सतारीची_तार

जरा आमच्या जावाच्या गल्लीतही फिरून या.

मी कामाला लागलो तेव्हा जावाडॉक (जावाचं डॉक्युमेंटेशन) म्हणजे तीन खिडक्या. डावीकडे वर पॅकेजं, त्याखाली क्लासची भली मोठी यादी, उजवीकडे मजकूर. सर्च नव्हता, ब्राउझरचं कंट्रोल-एफ हाच देव. २०१७ साली जावा ९ आलं तेव्हा जावाडॉकमध्ये शोधायची चौकट आली आणि १३ व्या आवृत्तीत त्या खिडक्या कायमच्या गेल्या. खरं सांगतो, मला अजून चुकल्यासारखं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे ती कुणी सांगत नाही. क्लासच्या पानावर वर मेथड्सचा तक्ता असतो, प्रत्येकीपुढे एक वाक्य. ते वाक्य म्हणजे खालच्या सविस्तर मजकुराचं पहिलं वाक्य असतं, जावाडॉक ते आपोआप उचलून वर लावतं. म्हणून लिहिणारे त्या एका वाक्यात जीव ओततात. तिथला शब्द न् शब्द मोलाचा.

अरेज.अ‍ॅजलिस्ट() चं घ्या. पहिलंच वाक्य सांगतं की ठरावीक आकाराची लिस्ट मिळेल, आणि ती मूळ अ‍ॅरेवरच टेकलेली असेल. आम्ही 'लिस्ट' एवढंच वाचलं. त्यात नवीन वस्तू घालायला गेलो, प्रोग्रॅम आडवा. मग सुटका म्हणून एका जागची किंमत बदलली तर तिकडे मूळ अ‍ॅरेही बदलला. दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगून ठेवल्या होत्या हो! लिस्टच्या पानावर अ‍ॅड() पुढे 'ऑप्शनल ऑपरेशन' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळला. पॅरामीटर ऐच्छिक आहे असा त्याचा अर्थ नाही. ही मेथड काम करेलच असं वचन प्रत्येक लिस्ट देत नाही, असा आहे.

आणि अठरा_रुपये, तुमचा धंदा पैशांचा म्हणून हेही सांगतो. जावात रकमेसाठी बिगडेसिमल वापरतात. त्याच्या इक्वल्स() ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात, कंपेअरटू() ला सारखे. दोन्ही तिथे लिहिलंय, पण दोन वेगळ्या मेथड्सखाली. एक मेथड वाचली की तिच्या शेजारणीही वाचाव्यात ही सवय मला त्या प्रकरणानंतर लागली. ते प्रकरण इथे सांगत नाही, त्यात अठरा रुपये नव्हते, बरेच जास्त होते.

अजून एक. मेथड पानावर सापडत नसेल तर ती वरच्या क्लासकडून आलेली असते. खाली 'इनहेरिटेड' म्हणून बारीक अक्षरात नुसत्या नावांची रांग असते, तिथे बघायचं.

---

बेदाणा

हेच दुखणं जँगोच्या क्लास-बेस्ड व्ह्यूजमध्ये (वेबची पानं दाखवणारे क्लास) आहे. लिस्टव्ह्यूच्या पानावर मेथडच नाही, कारण ती पाच पिढ्या वर कुठल्यातरी मिक्सिनमध्ये (दुसऱ्या क्लासला मेथड्स पुरवणारा क्लास) बसलीय. पण त्या पानावर दोन याद्या असतात, एक पूर्वजांची आणि एक कुठली मेथड कुठल्या क्रमाने धावते त्याची. सेटअप, मग डिस्पॅच, असं पुढे. दुसरी यादी मी कागदावर उतरवून टेबलाला चिकटवलीय.

---

भडंगप्रेमी

सगळ्यांचा मान राखून बोलतो. एवढा कुटाणा कशाला? एआयला विचारा, दोन सेकंदात उत्तर. २०० ओळींचं पान वाचायचे दिवस गेले भावा.

---

कृष्णाकाठची

भडंगप्रेमी, मीही विचारते, रोज विचारते. मागच्या महिन्यात त्याने मला यूआरएल्सच्या फाइलमध्ये यूआरएल() वापरून दिलं. दिसायला एकदम गोड. ते फंक्शन जँगो ३.१ मध्ये निवृत्तीच्या नोटिशीवर गेलं आणि ४.० मध्ये काढून टाकलं. माझ्याकडे ५ वर इम्पोर्टच होईना. ते कुठून आलं हे कळायला शेवटी रिलीज नोट्सचंच पान उघडावं लागलं.

---

भडंगप्रेमी

मग त्याला आवृत्ती सांगायची ना आधी.

---

कृष्णाकाठची

सांगितली होती.

असो. मला वेगळंच लिहायचं होतं, कारण अठरा_रुपये यांना जांभया का येतात ते मला ठाऊक आहे. कारण इंग्रजी. ते कबूल करायला जड जातं एवढंच.

मी पलूसजवळच्या गावात मराठी माध्यमात शिकले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर घरी बसून पायथॉन शिकले, आता घरूनच काम करते. सुरुवातीला डॉक्युमेंटेशन उघडलं की पोटात गोळा. मग एक शंभर पानी वही केली. प्रत्येक अडलेला शब्द, त्याखाली तो जिथे भेटला ते वाक्य, आणि त्याखाली माझ्या भाषेत अर्थ. महिनाभराने लक्षात आलं की शब्द फार नाहीतच. कादंबरीसारखं नवं नवं इंग्रजी तिथे येत नाही, तेच ते मोजके शब्द फिरून फिरून भेटतात. वहीतले काही देते.

'रिटर्न्स' आणि 'रेझेस'. पहिला देतो, दुसरा एक्सेप्शन फेकतो. गेट() एकही नोंद नसेल तर फेकतं, एकापेक्षा जास्त असतील तरी फेकतं, दोन्हीची नावं वेगळी. फर्स्ट() ला काही नाही मिळालं तर नन देतं, फेकत नाही. वहीत मी शेजारी चित्र काढलंय, एक बाई ताट हातात देतेय आणि एक भांडं फेकतेय. हसू नका, लक्षात राहतं.

'डेप्रिकेटेड' म्हणजे बंद नव्हे. नोटीस लागलीय, अजून कामावर येतोय.

'मस्ट', 'शुड', 'मे'. शाळेत सगळ्यांचा अर्थ 'पाहिजे'च्या आसपास शिकवला होता. इंटरनेटच्या नियमांच्या कागदांमध्ये या शब्दांचे नेमके अर्थ ठरवून दिलेत, १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये. मस्ट म्हणजे पर्यायच नाही. शुड म्हणजे करा, नाही केलं तर कारण पक्कं हवं. मे म्हणजे तुमची मर्जी. प्रत्येक डॉक्युमेंटेशन तो नियम पाळतंच असं नाही, पण मी तसंच वाचते आणि सहसा फसत नाही.

आणि सगळ्यात वाईट शब्द 'अनलेस'. अर्धं वाक्य वाचून आपण खूश होतो आणि पुढे अनलेस येऊन सगळं उलटं करतो. वहीत तो लाल पेनने आहे.

आता वही उघडावी लागत नाही. पण टाकवत नाही.

---

अठरा_रुपये

ताई, माझं दुखणं बरोबर ओळखलंत. मी पण मराठी माध्यम. ऑफिसात बाकीचे तिघं इंग्रजी माध्यमाचे, त्यामुळे विचारायला तोंड होत नव्हतं. वही आजच आणतो.

---

जुना_खांब (गावभाग)

चर्चेत थोडं पाणी घालतो. पाण्याचा अनुभव आहे म्हणून.

२०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं, आम्ही विट्याला बहिणीकडे. काम थांबवता येत नव्हतं आणि नेट म्हणाल तर गच्चीच्या एका कोपऱ्यात एक काडी. लॅपटॉपवर झील होतं म्हणून तरलो. विंडोज-लिनक्सवर चालतं, फुकट आहे, हवी ती डॉक्युमेंटेशनं आधीच उतरवून ठेवायची. ब्राउझरमध्येच हवं असेल तर डेव्हडॉक्स, तेही ऑफलाइन साठवता येतं. पायथॉनचं आणि जँगोचं तर अधिकृत साइटवरूनच झिप मिळतं.

पूर ओसरला तरी मी झीलच वापरतो. एक तर टाइप करता करता सापडतं. दुसरं म्हणजे तुमच्या प्रोजेक्टची आवृत्ती एकदा उतरवली की ५.२ चं पान चुकून उघडायचा प्रश्नच मिटला. (बेदाणा, तुम्हाला नाही म्हणालो.)

शेलमध्येच असाल तर हेल्प() आहेच. अठरा_रुपये, पुढच्या वेळी ती एक ओळ मारायच्या आधी हेल्प() मध्ये मेथड टाकून बघ. मजकूर त्रोटक असतो, पण आवृत्ती शंभर टक्के तुझीच.

---

बेदाणा

नाही म्हणालात म्हणे!

---

अठरा_रुपये

तीन आठवड्यांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

दुकानात आता दोन कंप्युटरवरून पट्ट्या निघतात आणि मागच्या सोमवारी दोन शेतकऱ्यांना एकच पट्टी क्रमांक गेला. दोन्हीकडून एकाच क्षणी शेवटचा क्रमांक वाचला, दोघांनी एक मिळवला. सर म्हणाले सिलेक्ट_फॉर_अपडेट() बघ.

या वेळी आधी आवृत्ती ४.२ वर लावली. मग 'रेफ'मध्ये थेट त्या मेथडवर गेलो. पहिल्या भागात आहे, म्हणजे क्वेरीसेट देते. सही वाचली, चारही पॅरामीटरना किंमती दिलेल्या, म्हणजे एकही द्यायची सक्ती नाही. व्यवहाराच्या बाहेर, म्हणजे अ‍ॅटॉमिक() न लावता चालवली तर एक्सेप्शन फेकते, तेही सापडलं. मग उदाहरण न उचलता खाली वाचत राहिलो आणि तिथे लिहिलंय की एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसवर या मेथडचा काही परिणामच होत नाही. एररसुद्धा नाही, नुसतं गप्प.

माझ्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट आहे. दुकानाच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस. मी इथे बसून दहा वेळा चालवून 'चालतंय' म्हणून दिलं असतं, आणि अ‍ॅटॉमिक() विसरलो असतो तरी लॅपटॉप बोलला नसता, दुकानात मात्र प्रोग्रॅम पहिल्याच पट्टीला आडवा झाला असता. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे हे मलाही माहीत नव्हतं. मग स्वतःच्या मशीनवर त्यांनी काय आहे ते बघितलं. त्यांच्याकडेही एसक्यूलाइट.

काल लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाकलं. संध्याकाळी दुरुस्त करून छापलेली ती अठरा पोत्यांची पट्टी घेऊन यार्डात गेलो. दिवाणजींनी चष्मा लावला आणि खालून वर वाचत गेले. आधी निव्वळ, मग तोलाई, मग हमाली, मग वजन, सगळ्यात शेवटी शेतकऱ्याचं नाव. म्हटलं असं उलटं का वाचता, तर म्हणाले, "वरचं समदं बरोबरच असतंय रं. चुकतंय ते खाली." आणि पुढची पट्टी घेतली.